पाड्याचा ‘ड’ आणि लॅपटॉपची बटणं

जव्हार-मोखाड्यात ‘पाडा’ हा शब्द आला नाही असा दाखला क्वचितच निघत असेल. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डाच्या मांडणीने तो टाइप करायचा तर उजवी करंगळी ‘पी’च्याही पलीकडे, चौकटी कंसाच्या बटणावर न्यावी लागते. ‘ड’ राहतो तिथे. मोखाडा, खोडाळा, कुठलाही पाडा घ्या, करंगळीची सुटका नाही. ‘च’ आणि ‘ट’ त्याच कडेला, ‘य’ खाली तिरक्या रेघेवर. इंग्रजी लिहिणाऱ्याला ही बटणं विरामचिन्हांपुरती लागतात, त्यामुळे लॅपटॉप लहान करायची वेळ आली की कंपन्यांची कात्री बहुतेकदा याच कडेवर चालते. सात इंची पडद्याचा आसुसचा ई-पीसी २००७ साली आला तेव्हा तर सगळीच बटणं आक्रसली होती. मराठी ऑपरेटरने त्यावर सातबाऱ्याचा अर्ज भरून दाखवावा!

लॅपटॉपवर पूर्ण आकाराचा, खऱ्या स्प्रिंगच्या बटणांचा कीबोर्ड म्हणजे गेम खेळणाऱ्या पोरांची चैन, असं आज मानलं जातं. माझं मत उलट आहे. त्याची खरी गरज आपले सरकार सेवा केंद्रात दिवसभर दाखले, अर्ज, वनहक्काची कागदपत्रं टाइप करत बसलेल्या माणसाला आहे.

त्याचं टेबल जवळून पाहा. लॅपटॉप असतो, पण त्याच्यापुढे यूएसबीचा वेगळा कीबोर्ड टाकलेला असतो, कारण आतली दोन-तीन बटणं कधीच मेलेली असतात. बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर. त्यातला ‘डी’वरचा सगळ्यात आधी पांढरा पडतो, कारण पाय मोडायचं चिन्ह तिथे आहे. जव्हार म्हणजे पी, बी, डी, यू, ई, जे: सहा ठोके, त्यात एक ‘डी’. न्याहाळे, सूर्यमाळ, प्रमाणपत्र, वनहक्क, सगळीकडे तो हजर. समोरच्या बाकावरून आजी सांगत असते, “दादा, नाव बरोबर टाका हां, मागच्या टायमाला चुकलं व्हतं.” नावापाठोपाठ आधारचे बारा आकडे, मोबाइलचे दहा, मग गट नंबर. उजवीकडे आकड्यांचा वेगळा चौकोन नसेल तर हात सारखा वरच्या ओळीकडे धावतो.

कचेरीत बसून दिवसभर टाइप करायची ही सवय टाइपरायटरपासूनची. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचं पहिलं यंत्र मुंबईत काढलं आणि २००९ साली उत्पादन थांबवलं. त्या यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी ठोकावी लागे, इनस्क्रिप्टवर ती अक्षरानंतर येते. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्टची मांडणी ठरवली, १९९१ च्या भारतीय मानकात ती आली, आणि पुण्याच्या सी-डॅकने ती कचेऱ्यांपर्यंत नेली. लिपिक-टंकलेखकाला आजही मराठीत मिनिटाला ३० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. तरुण पोरं रोमन अक्षरांतून मराठी उमटवतात, तेही चालतंच. पण दिवसभराच्या कामात इनस्क्रिप्टवर बसलेला हात पुढे जातो.

कीबोर्डाचं म्हणाल, तर सुरुवातीच्या लॅपटॉपना जाडीची लाज नव्हती. टँडीचं मॉडेल १००, १९८३ सालचं, जपानच्या क्योसेराने बनवलेलं. पडद्यावर जेमतेम आठ ओळी, पण कीबोर्ड पूर्ण मापाचा आणि चार पेन्सिल सेलवर सुमारे वीस तास काम. बातमीदार ते काखेत मारून फिरत. ॲपलचा १९८९ चा मॅकिंटॉश पोर्टेबल सात किलोंवर होता, पण त्यात आल्प्सची स्वतंत्र यांत्रिक बटणं होती. अशा कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली आपली डबी असते, आत दांडी, स्प्रिंग आणि धातूचे संपर्क. जर्मनीच्या चेरी कंपनीची प्रसिद्ध एमएक्स डबी चार मिलिमीटर दाबली जाते आणि दोनवरच अक्षर उमटतं, त्यामुळे तळ गाठायची गरज नसते. नंतर पातळपणाची शर्यत लागली. रबराच्या घुमटीवर कात्रीसारखी प्लास्टिकची चौकट आली, बटणाची चाल दीड मिलिमीटरच्या आसपास उतरली. ॲपलने २०१५ साली ती आणखी उथळ केली, धुळीच्या कणाने बटणं अडकू लागली, आणि काही वर्षांत कंपनीला ती पद्धत सोडावी लागली. धुळीचा कण! उन्हाळ्यात मोखाड्याच्या रस्त्याने एसटी गेली की टेबलावर काय बसतं, ते तिथल्या कोणालाही विचारा.

यांत्रिक बटणं लॅपटॉपवर परतली ती गेमवाल्यांच्या पैशावर. एमएसआयच्या २०१५ च्या जीटी८० टायटनमध्ये चेरीच्या तपकिरी डब्या होत्या, वजन साडेचार किलो. २०२१ साली एलियनवेअरच्या लॅपटॉपांत चेरीची साडेतीन मिलिमीटर उंचीची डबी आली, चाल १.८. कारागिरी थक्क करणारी, किंमत सेवा केंद्राच्या आवाक्याबाहेरची.

खेड्यासाठी म्हणून केलेला प्रयोग आपल्याकडे वेगळ्याच दिशेने गेला. कर्जत तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत २००७ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे हिरवे-पांढरे लॅपटॉप पोचले. त्यांचा कीबोर्ड सलग रबरी पत्र्याचा होता, पाणी-धूळ आत जाऊ नये म्हणून. विचार पक्का होता, पण बटणं मुलांच्या बोटांच्या मापाची. पुढे मोठ्या विद्यार्थ्यांसाठी याच लॅपटॉपची आवृत्ती काढताना संस्थेला नेहमीच्या कडक बटणांचा पर्याय द्यावा लागला.

जव्हारच्या पावसात ओल यांत्रिक बटणालाही सोसत नाहीच. फरक दुरुस्तीत पडतो. आजच्या पुष्कळ लॅपटॉपांत कीबोर्ड वरच्या झाकणाला प्लास्टिकच्या रिव्हेटांनी ठोकलेला असतो. एक ‘डी’ मेला तरी अख्खा पत्रा बदलायचा. यांत्रिक कीबोर्डात तेवढी एक डबी सोल्डर उतरवून बदलता येते, काहींत तर चिमट्याने उपसून दुसरी बसवता येते.

तेव्हा लॅपटॉपच्या पोटातला नाही, तर निदान त्याच्यापुढे टाकायचा यांत्रिक कीबोर्ड केंद्रवाल्याने घ्यावा. निळ्या डब्यांचा नको, प्रत्येक ठोक्याला टिकटिक करतो आणि बाकावरची माणसं वैतागतात, तपकिरी बरा. मराठी अक्षरं छापलेला शोधत बसू नये, स्टिकरच लावावे लागतील, आणि ‘डी’साठी दोन जास्तीचे घेऊन ठेवावेत.