पंक्चर सापडत नाही, तरी हवा उतरते? आधी व्हॉल्व तपासा

संध्याकाळी हवा भरली आणि सकाळी चाक बसलेलं. दुकानात ट्यूब काढून पाण्यात बुडवली, तर पंक्चर कुठेच नाही. परत बसवली, दोन दिवसांनी पुन्हा तेच. हा अनुभव गावात जवळपास प्रत्येक गाडीवाल्याला कधी ना कधी येतोच. अशा वेळी दोष बऱ्याचदा ट्यूबमध्ये किंवा टायरमध्ये नसतो, तो हवा भरायच्या व्हॉल्वमध्ये असतो. टायरवाले त्याला 'वॉल' म्हणतात. वस्तू चिल्लर किमतीची, पण तिच्याकडे दुर्लक्ष झालं तर ट्यूब जाते, टायर जातो आणि भर पेरणीत ट्रॅक्टर बांधावर उभा राहतो.

व्हॉल्वचे भाग तीनच. बाहेरची नळी, तिच्या आत आट्यांवर बसलेली पिन आणि वरचं टोपण. पिनीत एक बारीक स्प्रिंग आणि रबरी सील असतं. हवा आत जाताना पिन दबते, पंप काढला की स्प्रिंग ती वर ढकलते आणि वाट बंद होते. या जातीच्या व्हॉल्वचं पेटंट अमेरिकेत श्रेडर यांनी १८९३ साली घेतलं. आज मोटारसायकल आणि कार यांना एकाच मापाची पिन चालते. जुन्या पद्धतीच्या सायकलची गोष्ट वेगळी. तिथे पिनीच्या जागी रबरी व्हॉल्व-ट्यूब असते, ती कडक झाली की बदलायची, विषय संपला.

तपासणीला पाच मिनिटं पुरतात. दुकानात बोटाने थुंकी लावून बघतात, त्याने मोठी गळती कळते, बारीक कळत नाही. त्यापेक्षा साबणाचा दाट फेस करून व्हॉल्वच्या तोंडावर टाका आणि मिनिटभर थांबा. तोंडावर बुडबुडा फुगला तर पिन ढिली आहे किंवा तिचं सील गेलं आहे. पिन आवळायची छोटी चावी कुठल्याही टायरच्या दुकानात मिळते. पिन दोन बोटांच्या जोरावरच आवळायची. जास्त पिळली की सील कापलं जातं. आवळूनही फेस येत असेल तर नवी पिन टाका. मात्र हवा भरलेली असताना पिन काढताना तोंड व्हॉल्वच्या समोर धरू नका. ती गोळीसारखी सुटते, डोळा जाऊ शकतो. आधी पिन दाबून हवा सोडायची, मग खोलायची.

ट्यूबलेस टायरमध्ये व्हॉल्वची रबरी नळी थेट रिमच्या भोकात बसते. इथे फेस व्हॉल्वच्या बुडाशी टाका आणि नळी बोटाने हळूच एका बाजूला वाकवा. सरळ असताना बुडबुडा नाही आणि वाकवल्यावर येतो, असं झालं तर बुडाचं रबर फाटायला लागलंय. अशी गाडी दारात उभी असताना हवा धरते, पण रस्त्यावर वेगात चाक फिरताना नळी बाहेरच्या बाजूला ताणली जाते आणि तीच चीर उघडते. भर वेगात चाक बसलं तर काय होतं ते सांगायला नको. उन्हाने रबराला बारीक भेगा पडलेल्या दिसल्या तरी व्हॉल्व बदलाच. टायर नवा टाकताना तर व्हॉल्व नवाच हवा. टायर हजारोंचा आणि व्हॉल्व जुना, ही काटकसर महागात पडते.

बदलताना मापाकडे लक्ष द्या. बहुतेक कारच्या रिमचं भोक ११.५ मिलिमीटरचं असतं, त्याला 'टीआर ४१३' किंवा त्याहून थोडा लांब 'टीआर ४१४' बसतो. हा नंबर व्हॉल्वच्या रबरावरच छापलेला असतो. काही रिमना मोठं, साधारण १६ मिलिमीटरचं भोक असतं. त्यात लहान व्हॉल्व फेव्हिक्विक लावून बसवायचा उद्योग कुणी करत असेल तर करू देऊ नका. साधा रबरी व्हॉल्व ६५ पीएसआयपर्यंतच्या दाबाला चालतो. मालवाहू पिकअपच्या मागच्या चाकात त्याहून जास्त हवा लागत असेल तर नटाने आवळायचा धातूचा व्हॉल्व घ्यावा.

ट्रॅक्टरवाल्यांनी मागच्या चाकाचा व्हॉल्व रोज नजरेखालून घालावा. नांगरणीत चाकावर जोर येतो. हवा कमी असेल तर टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व मात्र रिमच्या भोकात अडकून राहतो. त्यामुळे तो तिरका दिसायला लागतो. तिरका व्हॉल्व म्हणजे ट्यूब फाटायच्या आधीची सूचना समजा. तिथेच थांबून हवा सोडून टायर-ट्यूब सरळ बसवून घेतली तर ट्यूब वाचते. 'आजचा दिवस निघू दे' म्हटलं की व्हॉल्व मुळापासून उपटतो, आणि तिथे ठिगळ टिकत नाही.

वजनासाठी चाकात पाणी भरतात, त्यासाठी हवा-पाण्याचा खास व्हॉल्व येतो. व्हॉल्व वरच्या बाजूला ठेवून त्याच्या पातळीपर्यंत पाणी भरलं की चाक सुमारे ७५ टक्के भरतं. हवा तपासतानाही व्हॉल्व वरच ठेवा, नाहीतर पाणी मीटरमध्ये शिरतं. टोपण तर सगळ्याच चाकांना हवं. चिखल आणि धूळ पिनीत गेली की सील नीट बसत नाही.

डिझेल इंजिनातही व्हॉल्व असतात, पण तिथलं मोजमाप मिस्त्रीचं काम. सकाळी इंजिन सुरू करताना निळसर धूर निघतो आणि ऑइल कमी होत जातं, तेव्हा व्हॉल्वची दांडी किंवा तिचा गाईड झिजल्याची शंका घ्यावी. हेड खोललंच असेल तर दांडी मायक्रोमीटरने वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजायला सांगा आणि आकडे कंपनीच्या पुस्तकाशी ताडून घ्या. टॅपेटची फट फिलर गेजनेच ठेवायची, अंदाजाने नाही. फट कमी पडली तर व्हॉल्व पूर्ण बसत नाही, कडेने जळतो आणि इंजिन हँडल मारून दमवतं.

नळाचं आणि शेतातल्या गेट व्हॉल्वचं दुखणं सोपं. तोंडातून पाणी ठिबकत असेल तर वायसर गेला. मुठीखालून, म्हणजे स्पिंडलच्या बाजूने झिरपत असेल तर ग्लँडचा नट पाव आटा आवळून बघा. तरीही थांबलं नाही तर ग्लँडची दोरी नवी भरा. त्याआधी मोटार बंद करून पाइपातला दाब सोडायला विसरू नका. स्पिंडलच्याच आट्या झिजल्या असतील तर जुना स्पिंडल खिशात घालून दुकानात न्या. अर्ध्या इंचाचा म्हणून मागितला तरी दोन कंपन्यांच्या आट्या जुळतीलच असं नाही.