पोळीसारखा फिरणारा टॅपेट

जामनेरच्या एका गॅरेजात जुनी बुलेट उभी आहे. मिस्त्रीने इंजिनाच्या उजव्या अंगाचं छोटं झाकण काढलंय. आत शेजारी शेजारी दोन सळ्या दिसतात, पुशरॉड. पिस्टन पार वर आणलाय, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले. तो एक पुशरॉड अंगठा आणि तर्जनीत धरतो आणि हळूच फिरवतो. "वरखाली हलायला नको भाऊ, पण असा मोकळा फिरला पाहिजे." झालं टॅपेट सेट! जरा घट्ट राहिला तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि पेटत्या वायूने त्याची कड जळते. सैल राहिला तर गावभर टकटक ऐकू जाते.

या दोन बोटांच्या खेळामागे काय दडलंय?

पुशरॉडच्या खाली टॅपेट, टॅपेटच्या खाली कॅम. कॅम म्हणजे अंड्याच्या आकाराचा लोखंडी गोटा. तो फिरतो, त्याचं टोक वर आलं की टॅपेट उचलला जातो आणि सळी, मग रॉकर नावाची तरफ असं करत करत तो धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचतो. मोटारीत असे अनेक गोटे एकाच दांड्यावर ओवलेले असतात, तो कॅमशाफ्ट. इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, 3000. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो आणि मिटतो. पापणी लवायला सेकंदाचा दहावा भाग तरी जातोच ना? तेवढ्यात पाच वेळा उघडझाप झालेली असते, आणि दरवेळी व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर आपटत नाही, अलगद टेकतो. हा अलगदपणा त्या अंड्याच्या उतारात घासून बसवलेला असतो.

आता खरी गंमत. पिस्टन खाली जाताना हवा आत ओढतो. मग तो तळाला पोचला की हवेचा व्हॉल्व्ह मिटायला हवा, नाही का? मुळीच नाही! केळीच्या बागेला पाणी देणारी पाइपलाइन आठवा. व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर पाइपला दणका बसतो, कारण धावतं पाणी थांबायला तयार नसतं. हवेचंही तेच. पिस्टन परत वर निघाला तरी मागून धावत आलेली हवा आपल्याच जोरावर आत घुसत राहते. म्हणून जोरकस इंजिनात हा व्हॉल्व्ह, पिस्टनला जोडलेला क्रँक तळापासून 60-70 अंश पुढे गेल्यावर मिटतो. फुकटची हवा, फुकटची ताकद!

फुकटची, पण वेगातच. इंजिन हळू फिरत असेल तर हवेला तेवढा जोरच नसतो. वर येणारा पिस्टन तिला आल्या वाटेने परत ढकलतो. जळका धूर बाहेर जाताना नवी हवा आत घेण्यासाठी दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे ठेवतात, त्याचीही तीच कथा. वेगात बाहेर पळणारा धूर नव्या हवेला ओढून घेतो, संथ चालीत दोन्हींचा काला होतो. मोठ्या, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणाऱ्या कॅमची गाडी उभ्या उभ्या अडखळत भकभकते ती यामुळे.

म्हणून कॅम निवडताना पहिला प्रश्न 'ताकद किती हवी' हा नसतोच. इंजिनाचं आयुष्य किती फेऱ्यांवर जाणार, हा असतो. ट्रॅक्टरला हळू चालीत ओढ हवी, त्याचा कॅम व्हॉल्व्ह लवकर मिटवतो. शर्यतीच्या गाडीचं सगळं जगणं वरच्या फेऱ्यांत. रस्त्यावरच्या गाडीला मी तरी मोह होईल त्यापेक्षा एक पायरी लहानच कॅम निवडेन.

आणि टॅपेट? 2010 च्या आसपासच्या नव्या बुलेट इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आले आणि ते झाकण उघडणंच संपलं. आत थेंबभर तेल आणि तेलाला परत जाऊ न देणारी एक झडप. तेल दाबलं जात नाही, त्यामुळे फट पडली की ती आपोआप भरते. पण फेरे फार वाढले, व्हॉल्व्ह मिटवणारी स्प्रिंग कमी पडली आणि टॅपेट कॅमवरून उडाला, तर ती उडीसुद्धा त्याला फटच वाटते. तो तीही भरून टाकतो, मग व्हॉल्व्ह मिटणार कसा? शर्यतवाले म्हणूनच भरीव टॅपेटवर विश्वास ठेवत आले.

सपाट टॅपेटची तर एक मर्यादा भूमितीनेच आखून दिली आहे. त्याला जितक्या झपाट्याने उचलाल, तितका कॅमचा स्पर्श त्याच्या मध्यापासून कडेकडे सरकतो. कडेच्या पलीकडे गेला की कड कॅमला कुरतडते. त्याहून झपाटा हवा असेल तर टॅपेटला चाक लावायचं, रोलर.

पण 'सपाट' हा शब्दही खरा नाही! सपाट टॅपेटचं तोंड डोळ्यांना कळणार नाही इतकं फुगीर असतं आणि कॅम किंचित तिरका घासलेला असतो. का? पोळी लाटताना लाटणं जरा एका बाजूला दाबलं की पोळी आपोआप फिरते ना, तस्सं! दाब मध्यापासून जरा बाजूला पडतो, टॅपेट प्रत्येक धक्क्याला थोडा फिरतो आणि झीज एका जागी साचत नाही. फिरायचा थांबला तर कॅमचं टोक बघता बघता खाल्लं जातं.

हे घासणं सोसणारं लोखंड आपल्याच महाराष्ट्रात ओतलं जातं. यतीन शहांनी 1992 मध्ये सोलापुरात सुरू केलेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स जनरल मोटर्स, फोर्डसारख्यांना कॅमशाफ्ट देत आली आहे. चिल्ड कास्टिंगची त्यांची रीत बघा. वाळूच्या साच्यात, जिथे कॅमचं टोक येणार तिथे थंड धातूचे तुकडे बसवतात. तापलेला रस त्यांना टेकताच इतक्या झटकन गोठतो की त्यातल्या कार्बनला ग्रॅफाइट होऊन वेगळं व्हायला सवडच मिळत नाही. तो लोखंडाशी जखडून राहतो आणि ती कातडी काचेसारखी कडक होते. आतला गाभा सावकाश निवतो, तिथे ग्रॅफाइट सुटतं आणि लोखंड सहज कातता येईल इतकं मऊ राहतं. ओतणं एकच, लोखंडं दोन!

नवा कॅम आणि सपाट टॅपेट बसवल्यावर इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा ते संथ ठेवत नाहीत. सुमारे 20 मिनिटं 2000 फेऱ्यांच्या वर धरतात, जस्त-फॉस्फरस घातलेल्या तेलात. संथ चालीत कॅमवर उडणारं तेल अपुरं पडतं, आणि एवढ्या वेळातच प्रत्येक टॅपेट आपापल्या कॅमशी घासून त्याच्या जोडीचा होतो. पुढे कधी इंजिन उघडलंच, तर जाणता मिस्त्री आठ सिलिंडरच्या इंजिनाचे सोळा टॅपेट सोळा खणांच्या डब्यात, आकडे घालून, एकेक करून ठेवतो.