भूत कुणी पाहिलं?

परवा पॉटलकला ‘द एक्झॉर्सिस्ट’चा (१९७३) विषय निघाला आणि आमच्या उच्चशिक्षित मंडळींनी अकलेचे तारे तोडले. "त्या मुलीच्या तोंडून खरोखरच सैतान बोललाय," एक इंजिनियर छातीठोकपणे म्हणाले. अहो, तो आवाज मर्सिडीज मॅकेम्ब्रिज या अभिनेत्रीचा! श्रेयनामावलीत आधी तिचं नावच नव्हतं, त्यासाठी बिचारीला भांडावं लागलं. हिरवी ओकारी म्हणजे वाटाण्याचं सूप. श्वासाची वाफ दिसावी म्हणून फ्रीडकिनने खोलीचा सेट गोठणबिंदूखाली थंड केला होता. "पण ती लिंडा ब्लेअर पुढे वेडी झाली ना?" इति एक वहिनी. छे! तिने २००४ साली प्राण्यांसाठी संस्था काढली.

मला धसका आहे तो भुताच्या आधीच्या भागाचा. आई लेकीला घेऊन डॉक्टरांचे उंबरठे झिजवते. मानेत सुई खुपसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात; काही सापडत नाही. शेवटी धर्मगुरूचा उपाय सुचवतात तेही डॉक्टरच.

आमची धाकटी लहानपणी तापात बरळू लागली, तेव्हा तिचेही सगळे रिपोर्ट नॉर्मल आले होते. त्या रात्री मी साताऱ्याला फोन लावून आईला तिच्या फोटोवरून मीठमोहऱ्या उतरवायला सांगितल्या.

पॉटलकला हे मी काही बोललो नाही.