फक्की, नाडी आणि पारा

‘‘पोर्शन राहिलाय हो, आज तुमचा तास मला द्या.’’ गणिताच्या बाईंनी पीटीच्या सरांकडे तास मागायचा आणि सरांनी तो मुकाट्याने द्यायचा, हा आपल्या शाळांतला जुना शिरस्ता. तुमचा पोर्शन कुठवर आलाय, असं मात्र त्या सरांना कुणी विचारत नाही. शिट्टी, चेंडू आणि १५ ऑगस्टचं संचलन यांपलीकडे त्यांचा काही पोर्शन असतो, हेच मुळात कुणाला ठाऊक नसतं. प्रत्यक्षात त्या सरांनी बी.पी.एड.ला शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र वाचलेलं असतं. हालचालींमागचं यंत्रशास्त्र, क्रीडा मानसशास्त्र, चाचणी-मापन-मूल्यमापन हे पेपर दिलेले असतात. सीईटी आणि मैदानी चाचणी पार करून या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो. पूर्वी तो एका वर्षाचा होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर तो दोन वर्षांचा झाला.

या शिक्षणाचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा मद्रासपासून होते. हॅरी क्रो बक या अमेरिकन माणसाने तिथे १९२० मध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. ते खरंच आहे. पण मराठी मुलखातला धागा त्याहून जुना आणि वेगळा आहे. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. पुण्यात १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केलं. पुढे त्याच मंडळाचं आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय उभं राहिलं. बडोद्याला द. चिं. करंदीकर-मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत काढले. एका विषयाला वाहिलेला दहा खंडांचा कोश आपल्याकडे आहे आणि त्या विषयाचा तास आपण उसना देतो!

या सगळ्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो बडोद्याचाच आणखी एक माणूस. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३ चा, डभोईचा. प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले, अमळनेरला शिक्षकी केलेले आणि नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासांकडे योग शिकलेले. अशा माणसाकडून आपण गुरुमाहात्म्याची अपेक्षा करू. यांनी केलं ते भलतंच. उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करणाऱ्या माणसाला त्यांनी क्ष-किरणांपुढे उभं केलं. पाण्यात बसून नौली करताना पाणी आपोआप आतड्यात ओढलं जातं, ते कशाने, हा प्रश्न होता. त्यांनी आतड्यात नळी घालून ती पाऱ्याच्या दाबमापकाला जोडली. स्नायू उचलले की आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे त्यांना मोजून दाखवता आलं. त्या पोकळीला त्यांनी गुरूंचं नाव दिलं: ‘माधवदास निर्वात’. गुरुभक्ती आणि दाबमापक एकाच वाक्यात यावेत, ही मला त्या काळाची मोठी खूण वाटते.

१९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभं राहिलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघालं. प्राणायामाने शरीरात भरपूर ऑक्सिजन जातो, ही तेव्हाची लोकप्रिय समजूत. आजही उद्यानातल्या सकाळच्या वर्गात ती ऐकू येते. कुवलयानंदांच्या मोजणीत ती टिकली नाही. प्राणायामाचं मोल त्यात नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. १९३७ मध्ये मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण समितीचं अध्यक्षपद याच माणसाकडे आलं आणि पुढच्याच वर्षी कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तिचे पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ. १९५७ मध्ये ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंच्या नावाचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय निघालं, तेव्हा पहिले प्राचार्य म्हणून तेच गेले. म्हणजे आपल्या पीटीच्या तासाचं मूळ शोधत गेलं तर ते कवायतीच्या मैदानाइतकंच प्रयोगशाळेतही सापडतं.

आता आजच्या महाविद्यालयात येऊ. विद्यार्थी ज्याला सर्वांत जास्त घाबरतात ते प्रात्यक्षिक म्हणजे मैदान आखणी. हातात टेप, खिळे, सुतळी आणि फक्कीची बादली. ४०० मीटरच्या प्रमाण धावमार्गाच्या सरळ बाजू ८४.३९ मीटरच्या, वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर. पण धावणारा कडेवरून धावत नाही, तिच्यापासून ३० सेंटिमीटर बाहेरून धावतो असं धरायचं. म्हणून त्रिज्या ३६.८०. दोन्ही वळणं मिळून २३१.२२ मीटर, सरळ बाजू मिळून १६८.७८. बेरीज बरोबर ४००. दुसऱ्या लेनला कड नसते, फक्कीची रेघ असते. तिथे २० सेंटिमीटर धरायचे. लेनची रुंदी १.२२ मीटर. हिशेब केला की एका पूर्ण फेरीत दुसऱ्या लेनचा धावपटू ७.०४ मीटर पुढून सुटायला हवा आणि आठव्या लेनचा ५३.०३ मीटर पुढून. यालाच स्टॅगर म्हणतात.

यातली गंमत पुढे आहे. त्रिज्या कितीही असो, हा फरक बदलत नाही. गावच्या शाळेच्या मुरमाड पटांगणावर २०० मीटरचा छोटा ट्रॅक आखला, आतली कड आणि लेनची रुंदी तीच ठेवली, तरी पूर्ण फेरीला दुसऱ्या लेनचा स्टॅगर ७.०४ मीटरच येतो. मोठ्या ट्रॅकवरच्या २०० मीटर शर्यतीत मात्र एकच वळण असतं, म्हणून तिथे त्याच्या निम्मा, ३.५२. सूत्र घोकून आलेला विद्यार्थी इथे हमखास फसतो. ज्याला पाय (π) चा अर्थ कळला, तो फसत नाही. आणि हा हिशेब चुकला, तर तालुका स्पर्धेत एखादी मुलगी दोनशे मीटरऐवजी दोनशे तीन मीटर धावते, हरते, आणि कुणालाच काही कळत नाही.

दुसरं प्रात्यक्षिक नाडीचं. हार्वर्ड स्टेप टेस्ट नावाची चाचणी महायुद्धाच्या काळात लुसियन ब्रूहा यांनी तयार केली. ती प्रसिद्ध झाली १९४३ मध्ये. २० इंच उंचीचा बाक, मिनिटाला ३० वेळा चढ-उतार, पाच मिनिटं. मेट्रोनोमची टकटक, भोवती वर्गमित्रांचा आरडाओरडा. तिसऱ्या मिनिटाला मांड्या भरून येतात, चौथ्याला ताल सुटू लागतो. संपल्यावर खाली बसायचं. एक मिनिटानंतर अर्धं मिनिट नाडी मोजायची, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या मिनिटानंतर तशीच. समजा, ठोके आले ७८, ६४ आणि ५५. बेरीज १९७, तिची दुप्पट ३९४. पाच मिनिटांचे ३०० सेकंद गुणिले १०० भागिले ३९४, म्हणजे ७६. तक्त्यात हा आकडा सरासरीच्या वरच्या पट्टीत बसतो. विद्यार्थी जर्नलमध्ये लिहितो, सही घेतो, सुटतो.

पण तो बाक २० इंचांचा का? तर हार्वर्डच्या उंचपुऱ्या तरुणांसाठी. पाच फूट दोन इंचांच्या मुलाचा गुडघा त्यावर चढताना कमरेपर्यंत येतो. त्याचे ठोके वाढतात ते दम कमी म्हणून की पाय आखूड म्हणून, हे त्या ७६ मधून कळत नाही. मुलींसाठी आणि बुटक्या मुलांसाठी बाक कमी करण्याचे पर्याय आहेत. पण हा प्रश्न पडला तरच पर्याय शोधला जाणार.

‘२२० वजा वय’ या सूत्राचंही तेच. जास्तीत जास्त हृदयगतीचं हे सूत्र जिमच्या भिंतीपासून पाठ्यपुस्तकापर्यंत सगळीकडे दिसतं. १९७१ च्या सुमारास अमेरिकेतल्या काही संशोधकांनी हाती आलेल्या जुन्या अभ्यासांच्या ठिपक्यांमधून अंदाजाने ओढलेली ती रेघ. खास त्यासाठी कुणी प्रयोग केलेला नव्हता. व्यक्तिगणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक त्यात सहज पडतो. २००१ मध्ये आलेलं ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ हे सूत्र अधिक नेटकं आहे. साठीच्या माणसाला जुनं सूत्र १६० सांगतं, नवं १६६. परीक्षेत मात्र जुनंच विचारतात, कारण तोंडी वजाबाकी सोपी.

दुसऱ्यांच्या शरीरावरून काढलेले आकडे आपल्याला लावताना काय होतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण पुण्याचंच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघेही सडपातळ, दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन संधी मिळेल तेव्हा मॅरेथॉन धावत. आपला मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी पळत गाठणं, अशी थट्टा याज्ञिकांनी तिथे स्वतःचीच केली होती. आज फिट इंडियाच्या चाचण्यांत शाळेतल्या मुलांचं वजन-उंची, ५० आणि ६०० मीटर धाव, लवचिकता असं बरंच मोजलं जातं. बीएमआय ‘नॉर्मल’ आला की पालक निश्चिंत. तो फोटो पाहिलेला शिक्षक निश्चिंत होणार नाही. तो त्या मुलाच्या ६०० मीटरच्या वेळेकडेही पाहील.

असा शिक्षक तयार होतो तो फक्की, नाडी आणि पारा या तिन्हींवर स्वतःचा हात बसल्यावर. आपल्या महाविद्यालयांचा दोष, माझ्या मते, अभ्यासक्रमात नाही. मापनाचा पेपर आहे, पण मोजून झाल्यावर शंका काढायची सवय नाही. ती कुवलयानंदांकडे होती.

आणि महाविद्यालयांना तरी किती बोल लावायचा? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी, शंभरावर पट असेल तर, आरोग्य व शारीरिक शिक्षणाला ‘अंशकालीन निदेशक’ एवढीच तरतूद आहे. पदवीधर तरुण दोन वर्षं शरीराचं शास्त्र शिकतो आणि बाहेर पडल्यावर त्याला तासिकेवर नेमतात. मग बरेच जण जिम, खासगी अकादमी किंवा पोलीस भरतीचे क्लास धरतात. त्यांच्या शास्त्राचा उपयोग तिथे पैसे मोजणाऱ्यांना होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला होत नाही.

तेव्हा हा लेख वाचणाऱ्या पालकांना एक विनंती. दिवाळीनंतरच्या पालकसभेत गणिताच्या गुणांची चौकशी करून झाली की मुख्याध्यापकांना आणखी तीन प्रश्न विचारा. पीटीचे तास आठवड्याला किती, त्यातले प्रत्यक्ष किती होतात आणि ते घेणारा माणूस पूर्णवेळ नेमलेला आहे का? उत्तर लेखी मागा.