पॅटर्सनचे हिंचलिफ : विस्मृतीतून परतलेले मैदान

अमेरिकेतील बेसबॉल म्हटले की आपल्यासमोर न्यूयॉर्क यँकीजसारखे धनाढ्य संघ आणि त्यांची अवाढव्य मैदाने उभी राहतात. त्या झगमगाटापासून दूर, स्वतंत्र लीग नावाची एक वेगळीच दुनिया आहे. या लीगमधील संघ कोणत्याही बड्या क्लबचे अंकित नसतात. खेळाडूंचे तुटपुंजे मानधन त्यांना स्वतःच द्यावे लागते आणि तिकीटविक्री, खाद्यपदार्थांचे स्टॉल व स्थानिक जाहिराती यांवर त्यांचा संसार चालतो. न्यू जर्सी राज्यातील पॅटर्सन शहराचे हिंचलिफ स्टेडियम २०२३ मध्ये अशाच एका संघाचे घर झाले. मात्र या वास्तूचे मोल त्या संघाहून कितीतरी मोठे आहे.

पॅटर्सन हे गिरण्यांचे शहर. पॅसेइक नदीच्या ७७ फुटी धबधब्याची शक्ती उद्योगांना पुरवावी, या अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या कल्पनेतून १७९० च्या दशकात ते वसवले गेले. पुढे रेशमी कापडाने त्याला ‘सिल्क सिटी’ ही ओळख दिली. या धबधब्याच्या अगदी माथ्याशी, ऐन महामंदीत, जुलै १९३२ मध्ये नालाच्या आकाराचे काँक्रीटचे हे मैदान खुले झाले. ते उभारले नगरपालिकेने, आणि नाव दिले गेले तत्कालीन महापौर जॉन हिंचलिफ यांचे. साधारण दहा हजार प्रेक्षक बसतील एवढी त्याची क्षमता होती. बेसबॉलखेरीज फुटबॉल, मुष्टियुद्ध, छोट्या मोटारींच्या शर्यती असे सारे काही तेथे होत असे.

त्या काळी मेजर लीगचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंद होते. तसा लेखी नियम कोठेही नव्हता, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तो कसोशीने पाळला जात होता. परिणामी कृष्णवर्णीयांनी आपल्या स्वतंत्र लीग उभ्या केल्या. ‘निग्रो लीग’ हे त्यांचे तेव्हाचे नाव आज कानाला खटकते, परंतु इतिहासात ते तसेच नोंदले गेले आहे. या संघांपाशी गुणवत्ता विपुल होती, मैदाने मात्र क्वचितच. गोऱ्या संघाचा सामना परगावी असला की त्याचे मैदान भाड्याने घ्यायचे आणि उत्पन्नातला वाटा मालकाला द्यायचा, हाच बहुतेकांचा रिवाज. हिंचलिफ सार्वजनिक मालकीचे असल्याने न्यूयॉर्क ब्लॅक यँकीज संघाला १९३३ पासून १९४५ पर्यंत, मधला अल्पकाळ वगळता, येथे आपले म्हणावे असे मैदान मिळाले. काही काळ न्यूयॉर्क क्युबन्स हा संघही येथे खेळला. जॉश गिब्सनसारख्या असामान्य फलंदाजाचे फटके या मैदानाने पाहिले.

लॅरी डोबीचा विक्रम तर याच गावचा. तो पॅटर्सनमध्ये वाढला, शाळेत असताना हिंचलिफवर खेळला आणि १९४२ मध्ये नेवार्क ईगल्स संघासाठी त्याची निवडचाचणीही येथेच झाली. एप्रिल १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने नॅशनल लीगमधील वर्णभेदाची भिंत पाडली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ५ जुलैला, क्लीव्हलँडच्या वतीने डोबी अमेरिकन लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. रॉबिन्सनचे नाव जगाने लक्षात ठेवले. डोबीला मात्र ‘हॉल ऑफ फेम’साठी १९९८ पर्यंत वाट पाहावी लागली.

निग्रो लीगचे संघ ओस पडत गेले तसे मैदानाचे वैभवही ओसरले. पुढे ते शहराच्या शालेय विभागाकडे आले. सार्वजनिक मालकीमुळे ते बिल्डरच्या तावडीतून वाचले, हे खरे. पण डागडुजीला पैसा नसल्याने त्याची पडझड झाली, हेही त्याच मालकीचे फळ. १९९७ मध्ये ते बंद झाले. बाके तुटली, भिंतींवर रंगाचे फराटे उमटले, पायऱ्यांच्या फटींतून झाडे उगवली.

ते जमीनदोस्त होऊ दिले नाही ते मूठभर नागरिकांनी. २००२ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ हिंचलिफ स्टेडियम’ ही संस्था स्थापन झाली. २००४ मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय सूचीत त्याची नोंद झाली, तर २०१३ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. निग्रो लीगशी घट्ट नाते असलेली फार थोडी मैदाने शिल्लक आहेत, हे यामागचे प्रमुख कारण. सन्मानाने छप्पर दुरुस्त होत नाही, म्हणून निधीची खटपट पुढेही सुरूच राहिली. २०२१ मध्ये काम सुरू झाले. सुमारे १० कोटी डॉलरच्या या प्रकल्पात केवळ मैदानाचा जीर्णोद्धार नव्हता. ज्येष्ठांसाठी परवडणारी ७५ घरे, वाहनतळ आणि संग्रहालयाची जागा हेही त्यात होते. करसवलतींचा मेळ बसला तो या घरांमुळेच, आणि मैदान वाचवण्याची ही युक्ती दाद देण्याजोगी आहे.

मे २०२३ मध्ये दरवाजे उघडले. जवळच्या लिटल फॉल्समधील योगी बेरा स्टेडियम सोडून फ्रंटियर लीगमधील न्यू जर्सी जॅकल्स संघ येथे आला. स्वतंत्र लीगसाठी साडेसात हजारांहून अधिक आसने म्हणजे भरायला कठीणच. त्यामुळे शालेय खेळ आणि इतर कार्यक्रमांनाही येथे जागा ठेवली गेली.

दरम्यान, मेजर लीगने २०२० मध्ये १९२० ते १९४८ मधील निग्रो लीगना आपल्या बरोबरीचे मानले. मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट झाली आणि गिब्सनची .३७२ ही कारकिर्दीतील सरासरी टाय कॉबच्या .३६७ ला मागे टाकून पहिल्या क्रमांकावर आली.