मनीच्या मानेमागचे पंधरा आकडे

मी माणसांचा डॉक्टर आहे, प्राण्यांचा नव्हे. तरीही आज मांजराविषयी लिहावेसे वाटते, याला कारण माझ्या एका जुन्या रुग्ण. त्या निवृत्त शिक्षिका असून वय ७८ आहे. सारी सोसायटी त्यांना ‘बाई’ म्हणते, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवतो. त्यांच्या अनुमतीने लिहीत आहे. ओळख पटू नये एवढ्यापुरते काही तपशील मात्र बदलले आहेत.

पावसाळ्यातल्या एका पहाटे बाई न्हाणीघरात घसरल्या. दिवसा त्यांच्या सोबतीला येणाऱ्या मावशींनी सातच्या सुमारास दार उघडले आणि मला फोन केला, “डॉक्टरसाहेब, बाई पडल्यात, पाय हलवता येत नाही म्हणतात.” खुब्याचे हाड मोडले असणार, हे बाईंना पाहताच लक्षात आले. रुग्णवाहिका आली, स्ट्रेचर आले, शेजारीपाजारी जमले. त्या गोंधळात घराचे दार पाऊण तास सताड उघडे होते. बाईंची मनी, पांढऱ्या अंगावर करडे ठिपके असलेली आठ वर्षांची मांजर, त्याच वेळी निघून गेली. ती कोणी पाहिली नाही. तसे पाहिले तर त्या वेळी तिच्याकडे कोणाचे लक्षच नव्हते.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. मात्र दुसऱ्या दिवसापासून बाईंना भ्रम होऊ लागला. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना काही दिवस भान न राहणे, रात्र दिवस न कळणे, हे आम्हा डॉक्टरांना नवीन नाही. परंतु भ्रम ओसरल्यानंतरही बाई जेवेनात, वॉकर धरून उभ्या राहीनात. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, “मनी आली का?” जर्मनीहून धावत आलेली त्यांची मुलगी थकून गेली होती. “येईल हो, आई,” असे ती म्हणे. मीही तेच म्हटले. खरे सांगायचे तर त्या वेळी मला हा प्रश्न गौण वाटला होता. हाड, रक्तदाब, फुप्फुसे, पाठीवरचे व्रण यांची चिंता असताना मांजराचे काय एवढे, असे मनात आले. ती माझी चूक होती. एकट्या राहणाऱ्या माणसाला पुन्हा उभे राहण्यासाठी घरी कोणीतरी वाट पाहत आहे, ही जाणीव लागते. बाईंसाठी ते ‘कोणीतरी’ म्हणजे मनी होती.

मनी सापडली ती २३ व्या दिवशी. सापडली म्हणण्यापेक्षा ‘उमगली’ म्हणावे लागेल, कारण चौथ्याच दिवशी ती समोरच्या गल्लीतल्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये एका तरुणाला दिसली होती. त्याने तिला टोपलीत घालून जवळच्या पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी मानेमागून स्कॅनर फिरवला, तर पडद्यावर १५ आकडी क्रमांक उमटला. मनीला मायक्रोचिप बसवलेली होती! पशुवैद्यांनी क्रमांकाची नोंद शोधली, त्यावर मालकाचे नाव आणि भ्रमणध्वनी मिळाला. त्यांनी फोन लावला. पलीकडून एका अनोळखी माणसाने “राँग नंबर” असे म्हणून तो ठेवून दिला.

तो क्रमांक बाईंच्या यजमानांचा होता. ते जाऊन तीन वर्षे झाली होती. रिचार्ज न केलेला क्रमांक काही काळाने बंद होतो आणि पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. घरातल्या खणात साहेबांचा फोन जपून ठेवलेला होता. त्यांचा क्रमांक मात्र दुसऱ्या कोणाच्या खिशात वाजत होता.

एक दिवस बाईंची औषधे आणायला निघालेल्या मावशींना पशुवैद्यांच्या दारावर लावलेले छायाचित्र दिसले. डाव्या कानामागचा ठिपका पाहून त्या तेथेच थांबल्या. मनीने मावशींना ओळखले की नाही हे सांगता येत नाही, परंतु मावशींनी तिला ओळखले. त्या सायंकाळी बाईंनी वरणभात मागून घेतला. मांजर आले म्हणून हाड लवकर सांधले, असे मी म्हणणार नाही. माझी पदवी मला ते म्हणू देणार नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्या वॉकर धरून उभ्या राहू लागल्या, एवढे मी पाहिले.

ही चिप मनीच्या अंगात आली कशी? पाच वर्षांपूर्वी मुलीने आईवडिलांना कायमचे जर्मनीला बोलावले होते. मांजराला सोडून येणार नाही, असे बाईंनी ठणकावून सांगितले. युरोपीय संघातील देशांत पाळीव मांजर न्यायचे तर आधी मायक्रोचिप, त्यानंतरच रेबीजची लस, हा क्रम पाळावाच लागतो. चिपच्या आधी दिलेली लस ग्राह्य धरली जात नाही. भारतातून जाताना लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची तपासणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणे, हेही त्यात आले. मुलांकडे परदेशी जाण्याचा विचार करणाऱ्या आणि घरी मांजर असणाऱ्या वाचकांनी हा हिशेब तिकिटाच्या कितीतरी आधी मांडावा. साहेबांनी चिप बसवून घेतली, फॉर्मवर आपला फोन लिहिला, आणि पुढे त्यांच्याच आजारपणात तो बेत मोडला. बाईंना ते ‘कसलेसे इंजेक्शन’ म्हणून पुसटसे आठवत होते. मुलीला काहीच माहीत नव्हते.

माझ्या दवाखान्यात या चिपविषयी जे प्रश्न येतात, त्यांवरून दिसते की लोकांच्या मनात तिच्याविषयी दोन टोकांच्या कल्पना आहेत. कोणाला वाटते, ती मांजर कोठे आहे ते मोबाइलवर दाखवते. तसे मुळीच नाही. तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशी ही काचेची कुपी. तिच्यात बॅटरी नसते. स्कॅनर जवळ आणला की त्याच्या लहरींतून तिला क्षणापुरती शक्ती मिळते, ती आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा गप्प बसते. तिच्यात पत्ता नसतो, नाव नसते, फोनही नसतो. असतो तो केवळ एक क्रमांक. आपल्याकडे गाईम्हशींच्या कानात १२ आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला दिसतो, त्याच जातीची ही गोष्ट. फक्त ही कातडीखाली असते आणि पडून हरवत नाही.

दुसऱ्या टोकाला भीती. हृदयात पेसमेकर असलेल्या एका गृहस्थांनी विचारले होते की, चिप बसवलेले मांजर मांडीवर घेतले तर चालेल का? चालेल. जी वस्तू एरवी कोणत्याही लहरी सोडत नाही, तिचा पेसमेकरला उपद्रव होण्याचे कारण नाही. पशुवैद्यांचा स्कॅनर तेवढा आपल्या छातीजवळ आणू देऊ नये. मांजर टेबलावर ठेवावे आणि आपण दोन पावले मागे उभे राहावे, इतकी काळजी पुरे.

मांजराला दुखते का? सुई लशीच्या सुईपेक्षा जाड असते, त्यामुळे क्षणभर कळ येते. भूल द्यावी लागत नाही. दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली ती बसवतात. क्वचित ती आपल्या जागेवरून सरकते, म्हणून जाणकार पशुवैद्य स्कॅनर खांद्यांवरून आणि बगलेवरूनही फिरवतात. त्या जागी गाठ झाल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत, तरीही हाताला गाठ लागली तर दाखवून घ्यावी. नसबंदीच्या वेळीच चिप बसवून घेतली तर वेगळी टोचणीही जाणवत नाही.

आणि तिचा उपयोग होतो का? अमेरिकेतील ५३ प्राणी-निवाऱ्यांत झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे आणलेल्या भटक्या मांजरांपैकी १.८ टक्के मालकांकडे परत गेली. चिप असलेल्यांपैकी मात्र ३८.५ टक्के. हा फरक थोडा नाही. तरीही चिप असलेल्या निम्म्याहून अधिक मांजरांना घर मिळाले नाही. मालक न सापडण्याचे सर्वांत मोठे कारण होते चुकीचा किंवा बंद पडलेला फोन. अमेरिका असो वा पुणे, साहेबांचा खणातला फोन सर्वत्र आहे! इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून मांजर २० आठवड्यांचे होण्याआधी चिप बसवणे सक्तीचे झाले आहे. तेथील कायदा नुसती चिप मागत नाही, नोंदीतील फोन आणि पत्ता ताजा ठेवण्याचे दायित्वही मालकावर टाकतो. हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आपल्याकडे अशी सक्ती नाही, आणि प्रत्येक पशुवैद्यांकडे स्कॅनर असतोच असे नाही. म्हणून चिप बसवण्यापूर्वी त्यांना स्पष्ट विचारावे: नोंद कोठे होणार, ती कोण करणार, आणि फोन बदलला तर दुरुस्ती कशी करायची. नोंद आपण स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उठू नये. १५ आकड्यांचा कागद लसीकरणाच्या पुस्तिकेला चिकटवावा. वर्षातून एकदा लशीला जाल तेव्हा चिपही वाचून घ्यावी; त्याला अर्धा मिनिट लागतो.

घरातील ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांना माझे एक सांगणे आहे. नोंदीत दोन फोन असू द्यावेत आणि दुसरा फोन त्याच घरातल्या व्यक्तीचा नसावा. परदेशी राहणाऱ्या मुलांचाही नको, कारण मध्यरात्री वाजलेला अनोळखी फोन कोणी उचलत नाही. शेजारी, भाचा किंवा सोबतीची मावशी, म्हणजे दहा मिनिटांत टोपली घेऊन पोहोचू शकेल असे कोणीतरी हवे. तसेच ज्येष्ठांना रुग्णालयात हलवायची वेळ आली, तर रुग्णवाहिकेला फोन केल्यावर मांजराला एका खोलीत घालून दार लावावे. दोन मिनिटांचे काम आहे, पण त्या गडबडीत ते कोणाला सुचत नाही.

एवढे करूनही मांजर गेलेच, तर दूर शोधण्याआधी जवळ शोधावे. घाबरलेले मांजर बहुधा फार लांब जात नाही. जिन्याखाली, मोटारीखाली, शेजारच्या आवारात दडून बसते आणि हाक मारली तरी उत्तर देत नाही. मनी तर एक गल्ली ओलांडून थांबली होती. आणि आपल्याला दुसऱ्याचे मांजर सापडले तर ते उघड्या हातांनी धरू नये. जाड टॉवेल टाकून उचलावे. चावले किंवा बोचकारले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ज्याची लस ठाऊक नाही अशा मांजराच्या चाव्याला ‘साधे ओरखडे’ म्हणून सोडून देऊ नये. हळद भरणे, पट्टी बांधणे हे उपाय तर मुळीच नकोत. चिप असेल तर निदान मालक गाठून लशीविषयी विचारता तरी येते. माझ्यासारख्या डॉक्टरला तिचा हा फायदा सर्वांत मोलाचा वाटतो.

बाईंची मुलगी परत जाण्यापूर्वी पशुवैद्यांकडे जाऊन आली. नोंदीत आता बाईंचा फोन आहे, आणि दुसरा मावशींचा. “माझा कशाला, मी तर परकी,” असे मावशी म्हणाल्या होत्या. बाईंनी उत्तर दिले नाही, नुसता कागद पुढे सरकवला. मनीच्या गळ्यात घुंगरूही आले आहे. तो पट्टा अडकला तर आपोआप सुटणारा आहे. घुंगरू मी सुचवले. मनी हरवू नये म्हणून नव्हे. ती अंधारात पायांत येते आणि दुसरा खुबा मला मोडलेला पाहायचा नाही.