पीथमपूरची जावा : नवं इंजिन आवडलं, पण टिकतं का? गाडी घेण्याआधी काय विचाराल

राजेंद्र नगर (इंदूर) : राऊमार्गे पीथमपूरच्या कारखान्यांकडे रोज ये-जा करणाऱ्यांची इथे कमी नाही. त्याच पीथमपुरात महिंद्राच्या प्रकल्पात जावाच्या मोटारसायकली तयार होतात. त्यामुळे ‘आपल्याकडचीच गाडी आहे, घ्यावी का?’ हा प्रश्न इथल्या मराठी घरांतही निघतो आणि खंडवा, बुऱ्हाणपूर, धुळे, जळगावच्या नातेवाइकांकडूनही येतो. दीड-दोन लाखांचा मामला असल्याने उत्तर नीट समजून घेतलेलं बरं.

जुनं नाव, वेगळं इंजिन

जुनी जावा आणि येझदी म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. तो कारखाना 1996 मध्ये बंद पडला. ते इंजिन टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारं. व्हॉल्व्ह नाहीत, भाग मोजके. कोपऱ्यावरचा मिस्त्रीही ते उघडून बसवायचा.

क्लासिक लेजंड्सने 15 नोव्हेंबर 2018 रोजी परत आणलेल्या जावात मात्र 293 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन आलं. महिंद्राच्या मोजोच्या इंजिनावरून ते विकसित केलेलं. ताकद 27 पीएस, टॉर्क 28 एनएम. डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, फ्युएल इंजेक्शन, थंड ठेवायला कूलंट आणि रेडिएटर. म्हणजे टाकीवरचं नाव जुनं असलं तरी जुन्या जावाच्या टिकाऊपणाच्या गोष्टी या इंजिनाला लागू होत नाहीत. त्याची परीक्षा वेगळीच घ्यावी लागते.

समाधान वेगळं, भरवसा वेगळा

‘गाडी कशी आहे?’ असं विचारलं की मालक रूप, आवाज, बसण्याची ऐट यांबद्दल बोलतो. ते समाधान. रोज सकाळी एका बटणात सुरू होणं, मे महिन्याच्या उन्हात ट्रॅफिकमध्ये न तापणं, वाटेत बंद न पडणं, हा भरवसा. एकाच गाडीत पहिलं भरपूर आणि दुसरं कमी असू शकतं.

समाधान इंजिनाबाहेरच्या गोष्टींवरही ठरतं. 2018 मध्ये बुकिंग इतकं झालं की डिसेंबरमध्येच ऑनलाइन बुकिंग थांबवावं लागलं. गाड्या हातात पडायला मार्च 2019 च्या शेवटी सुरुवात झाली आणि अनेकांना कित्येक महिने थांबावं लागलं. त्या काळातल्या नाराजीत इंजिनाचा भाग किती आणि वाट पाहण्याचा किती, हे वेगळं करून पाहायला हवं.

पहिली खेप आणि नंतरची खेप

कुठल्याही नव्या इंजिनात सुरुवातीचे दोष पहिल्या खेपांत बाहेर येतात. मग काही वर्षं शांततेची. शेवटी झिजेचे दोष सुरू होतात. म्हणून ‘जावाचं इंजिन’ असं सरसकट बोलून चालत नाही. बीएस-6 नियमांसाठी बदल झाले. पेराकमध्ये 334 सीसीचं इंजिन आलं, जानेवारी 2024 च्या जावा 350 मध्येही 334 सीसीच आहे. ऑगस्ट 2024 च्या जावा 42 मध्ये 294 सीसीचं सुधारित इंजिन आलं, त्यात उष्णता आणि थरथर कमी केल्याचं कंपनीचं म्हणणं आहे. 2019 च्या मालकाचा अनुभव 2024 च्या गाडीला जसाच्या तसा लावू नका. उलटही तेच.

मालकाला काय विचारायचं?

– गाडी कोणत्या वर्षाची, किती किलोमीटर झाले?
– रस्त्यात किती वेळा बंद पडली?
– दुरुस्तीनंतर तोच दोष परत आला का?
– पार्टसाठी सर्व्हिस सेंटरला किती दिवस गाडी पडून राहिली?
– कूलंट कमी होतं का, पंखा वेळेवर फिरतो का?

पाच-सहा मालकांना हे विचारलं, तरी ‘मस्त आहे’ किंवा ‘बेकार आहे’ यापेक्षा जास्त कळतं. फार खूश आणि फार वैतागलेले आपणहून बोलतात. मधले गप्प असतात, त्यांनाच मुद्दाम गाठा.

वॉरंटीचा हिशेब

कंपनीने 2025 मध्ये 4 वर्षं किंवा 50 हजार किलोमीटर वॉरंटी दिली. यात जे आधी संपेल ते धरतात. पीथमपूरची रोजची ये-जा 50 किलोमीटर धरली, तर महिन्याच्या 25 दिवसांत 1,250 आणि वर्षाला 15,000 किलोमीटर होतात. म्हणजे वॉरंटी साधारण 3 वर्षं 4 महिन्यांतच संपते. फक्त राजवाड्यापर्यंत रोज 16 किलोमीटर फिरणाऱ्याचे 4 वर्षांत 20 हजारही होत नाहीत, त्याला पूर्ण मुदत मिळते. आपण कोणत्या गटात बसतो, हे आधी पाहा.

सीमेपलीकडे नेणार असाल तर

इंदूरची जुनी एमपी-09 गाडी धुळे-जळगावला कायमची न्यायची असेल, तर इंदूर आरटीओची एनओसी लागते. दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथे नव्याने नोंदणी आणि तिथला कर आलाच. हा खर्च व्यवहाराच्या किमतीत आधीच धरा. आणि आपल्या गावापासून अधिकृत सर्व्हिस सेंटर किती लांब, हेही मोजा. फ्युएल इंजेक्शनमध्ये बिघाड झाला तर निदानाचं यंत्र लागतं, नुसत्या पान्याने काम भागत नाही. सेंटर शंभर किलोमीटरवर असेल तर चांगलं इंजिनसुद्धा डोकेदुखी ठरू शकतं.